चिंचेने घासलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि सध्या मी फार रागात आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते म्हणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा करू नका. मला तुमचे पाणी नको. मला तुमचे लक्ष हवे आहे.

तुम्ही रोज ज्यात भांग पाडता तसला मी नाही. माझ्यात डोकावलात तर तुमचे नाक भोपळ्याएवढे दिसेल, कारण माझी काच मधोमध किंचित खोल आहे, उथळ ताटलीसारखी. मी दुर्बिणीचा आरसा आहे. कोलकात्यातल्या बालीगंज भागात मराठी माणसांचे एक मंडळ आहे. त्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांब पांढरे नळकांडे उभे असते. त्याच्या तळाशी माझे घर.

आता एक प्रयोग करा. घरातल्या आरशाला पेन्सिलचे टोक टेकवा. खरे टोक आणि आतले टोक यांच्यात थोडी फट दिसेल. ती फट म्हणजे काचेची जाडी. घरच्या आरशात चकाकणारा थर काचेच्या पाठीमागे असतो आणि त्यावर रंगाचा हात दिलेला असतो. त्यामुळे तुम्ही समोरून कितीही पुसा, त्याला काही होत नाही. माझा थर काचेच्या पुढच्या अंगाला आहे, उघडा. ताऱ्याचा उजेड आधीच दमून आलेला असतो. त्याला काचेतून आत जा, परत बाहेर ये, असा हेलपाटा घालायला लावला तर चित्र दुहेरी होते. म्हणून दुर्बिणीच्या आरशाला थर पुढून देतात. आणि हो, पेन्सिलचा प्रयोग माझ्यावर करायचा नाही! ऐकलेत ना? नाही, कारण लोक ऐकत नाहीत. त्याचीच तर ही गोष्ट आहे.

मला मुकुंद आपटे यांनी घडवले. ते कोलकात्यातच जन्मले आणि इथल्याच एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मंडळातली मुले त्यांना मुकुंदकाका म्हणतात, काही तर त्यांच्या वडिलांचेही काका असल्यासारखे. तेव्हा ते तरुण होते. घराच्या गच्चीत एक पिंप पालथे घातले, त्यावर काचेची एक जाड चकती बसवली, मध्ये घासायची पूड आणि पाणी, आणि वर दुसरी चकती. मग पिंपाभोवती गोल फिरत ती घासायची. वरची चकती मी होतो. खर्र, खर्र, खर्र. खालच्या मजल्यावरचे बंगाली गृहस्थ एकदा वर येऊन म्हणाले, "मास्टरमोशाय, क्या आप रोज मसाला पीसते हैं?" मुकुंदकाका म्हणाले, "चाँद पीस रहा हूँ, दादा." तेव्हापासून ते गृहस्थ चहा पिऊन खर्र खर्र ऐकायला गच्चीत येऊन बसू लागले.

घासून माझा आकार अचूक झाला, पण मी अजून नुसती काच होतो. चमक यायची होती. त्यासाठी मला सुती कापडात गुंडाळून, पोळ्यांच्या डब्यात घालून, होडीने नदीपलीकडे हावड्याला नेले. तिथे श्यामसुंदर नावाच्या माणसाचा छोटा कारखाना होता. एक लोखंडी पिंप, झाकण घट्ट बसणारे. मला आत उलटे टांगले. खाली तारेचे वेटोळे होते आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या तारेचे बारीक तुकडे अडकवलेले. मग पंपाने पिंपातली हवा काढायला सुरुवात केली. हवा का काढायची? कारण हवेचे कण वाटेत आले तर धातूची वाफ त्यांना धडकून भरकटते आणि थर मळकट बसतो. हवा गेल्यावर वेटोळे तापवले. अॅल्युमिनियम वितळले, उकळले आणि त्याची वाफ सरळ वर येऊन माझ्या थंड अंगावर बसली. क्षणभराचे काम. बाहेर काढले तेव्हा मी लखलखत होतो. तो थर किती जाड होता सांगू? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे हजार पापुद्रे काढा. त्यातला एक पापुद्रा. माझे सगळे काम तेवढ्यावर चालते.

श्यामसुंदरच्या कारखान्यात माझी पुष्कळ भावंडे पाहिली. मोटारींच्या दिव्यांच्या आतल्या वाट्या होत्या, खेळण्यांची चिलखते होती, बटणे होती, आणि पूजेच्या दिवसांत देवीच्या मांडवात लावायच्या चमकत्या पट्ट्या होत्या. तुम्ही वेफर्सचे पाकीट फाडता ना, त्याच्या आतली चंदेरी बाजूही अशीच वाफेने लेपलेली असते. तो थर हवा आणि उजेड अडवतो, म्हणून वेफर्स कुरकुरीत राहतात. पोळी गुंडाळायचा चंदेरी कागद मात्र वेगळा. तो अॅल्युमिनियमचाच, पण लाटून पातळ केलेला. लाटलेले वेगळे आणि लेपलेले वेगळे, एवढे लक्षात ठेवा. पाकिटाचा थर पाकीट फाडेपर्यंत टिकला तरी चालतो. माझा थर वर्षानुवर्षे टिकायला हवा, आणि नीट ठेवला तर टिकतोही. हवा लागताच अॅल्युमिनियमवर आपोआप एक अतिशय पातळ कवच चढते आणि ते खालच्या धातूला जपते. पण दोन गोष्टींपुढे ते कवच हात टेकते. एक आंबट आणि दुसरी चुना.

मंडळाच्या गच्चीवर मी खूप काम केले. चंद्रावरचे खड्डे दाखवले, गुरूचे चंद्र दाखवले. मुले रांग लावत आणि पुढच्याला ढकलत. "झालं का तुझं? मला पण बघायचंय! काका, हा केव्हाचा चिकटलाय!" मुकुंदकाकांचा नियम एकच होता. आरशाला कोणी हात लावायचा नाही. माझ्यावर धूळ बसली तरी ते म्हणत, "राहू दे धूळ. धुळीने थोडं कमी दिसतं. पुसलं तर ओरखडे पडतात, ते कायमचे." फारच मळलो तर ते स्वतः शुद्ध पाणी माझ्यावरून ओघळू देत आणि मला उभा ठेवून वाळवत. बोटसुद्धा लागत नसे.

मग वर्षे गेली. मुले मोठी झाली आणि सॉल्ट लेकच्या कचेऱ्यांत कामाला लागली. नवी मुले मोबाइलवर चंद्र बघू लागली. मला कोणी फारसे विचारेना. त्याचा मला राग नाही. विसरणे मी समजू शकतो.

या वर्षी मुकुंदकाका पुन्हा येऊ लागले, काठी टेकत, नात ऋताचा हात धरून. ऋता दहा वर्षांची आहे आणि तिचे मराठी तिच्यासारखेच घाईत असते. काकांचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता. आता डाव्यातही तेच सुरू झाले होते. बाजूचे दिसत नव्हते, फक्त मधोमध एक गोल उरला होता. पूजेची सुट्टी संपली की लगेच शस्त्रक्रिया ठरली होती. ती केली नाही तर उरलेला गोलही जाणार. केली तरी तो राहील याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती.

"आजोबा, तुम्हाला कसं दिसतं?" ऋताने विचारले.

"नळीतून बघितल्यासारखं."

"मग दुर्बिणीत तर नळीतूनच बघायचं असतं!"

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, कोजागिरीला शनी बघायचाय. या वर्षी त्याचं कडं आपल्याकडे धार करून उभं आहे. सुईएवढं बारीक दिसतं. असं फार वर्षांनी येतं. मागच्या खेपेला ढग होते. पुढच्या खेपेला..." ते थांबले. "यंदा बघून घेतो."

मित्रांनो, हे नीट ऐकून ठेवा. एका म्हाताऱ्या शिक्षकाला त्याने स्वतः घासलेल्या आरशातून एक बारीक रेघ बघायची होती. त्याची एवढीच मागणी होती.

आता तुम्हाला माहीत आहे, नवरात्रात नवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. खंडेनवमी. बाहेर सगळे शहर देवीच्या मांडवांतून लोटलेले असते आणि आमच्या मंडळात मराठी माणसे हार्मोनियम, शिलाईयंत्र, लॅपटॉप मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. चांगली प्रथा आहे. पूजेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणी भलताच अर्थ काढील.

मंडळाचे कार्यवाह चंद्रकांत राजवाडे. एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत आणि सगळीकडे तसेच वागतात. ते म्हणाले, "यंदा दुर्बीण पूजेला मध्यभागी ठेवू. फोटो पुण्याला पाठवायचेत. पण हे नळकांडं काय ठेवायचं? ड्रेनेजचा पाइप वाटतो. आतला आरसा काढा."

मुकुंदकाका त्या दिवशी आले नव्हते. नवमीच्या गर्दीत बाजूचे न दिसणाऱ्या माणसाने बाहेर पडू नये, असे घरच्यांनी बजावले होते. ऋता मात्र आईबरोबर आली होती.

"चंद्रकांतकाका, नाही ना! आजोबांनी मना केलंय. त्याला टच नाही करायचं."

"अगं, देवाच्या कामाला कोणी मना करतं का? आणि 'मना केलंय' काय, 'नाही म्हणालेत' म्हणावं. मराठी शिक आधी."

स्क्रू त्यांनीच काढले. माझ्यावर धूळ होती. काकांनी मुद्दाम राहू दिलेली धूळ.

"ई! केवढा मळलाय हा," शोभाताई म्हणाल्या. मंडळातली पूजेची भांडी त्याच घासतात आणि अशी घासतात की तांब्याच्या ताम्हनात तोंड दिसावे. त्यांच्यासमोर चिंचेच्या कोळाची वाटी होती आणि हातात काथ्या होता. "द्या इकडे. देवापुढे असं ठेवतात होय? दोन मिनिटांत लख्ख करते बघा."

"फोनवर विचारू या ना आजोबांना," ऋता म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाला कशाला उगाच त्रास," चंद्रकांतराव म्हणाले. "काच आहे. काचेला काय होतंय?"

काचेला काही होत नव्हते. ते बरोबर होते. पण मी काच आहे, असे त्यांना सांगितले कोणी? एका केसाच्या जाडीचा हजारावा पापुद्रा म्हणजे मी! चिंचेचा आंबट कोळ माझ्या कवचाला झोंबला आणि काथ्याने गोल गोल ओरखडे ओढले. मी ओरडू शकत नाही. शोभाताई मात्र आनंदाने गुणगुणत होत्या. मग त्यांनी मला ओलाच चौरंगावर ठेवला आणि घरी केलेल्या कुंकवाची पाच मोठी बोटे उठवली. घरच्या कुंकवाचा त्यांना अभिमान आहे. हळदीला चुन्याची निवळी देऊन त्या ते स्वतः करतात. वरून झेंडूची फुले वाहिली. आरती झाली, फोटो झाले. फुलांच्या ओलीखाली चुन्याने माझा थर चावायला सुरुवात केली.

दसऱ्याला सकाळी निर्माल्य उचलले, तेव्हा ऋताने खाली वाकून माझ्याकडे पाहिले. जिथे कुंकू होते तिथे आता आरपार दिसत होते. पाच भोके. खालच्या चौरंगाचे लाकूड त्यांतून दिसत होते. उरलेल्या अंगावर धुके आणि रेघा.

"अरेच्या," चंद्रकांतराव म्हणाले आणि इकडेतिकडे बघून त्यांनी मला उचलले. "बसवून टाका परत आत. कोणाच्या लक्षात येणार नाही. आणि ऋता, हे बघ बाळा, आजोबांना ऑपरेशनच्या आधी टेन्शन द्यायचं नाही. कळलं?"

मी तुम्हाला रागाबद्दल सांगत होतो ना? माझा राग शोभाताईंवर थोडा आहे. त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी प्रेमाने घासले. पण ज्याला एक पोर सांगते आहे, ज्याच्या खिशात फोन आहे आणि जो तरीही विचारत नाही, आणि वर झाकायला सांगतो, त्याच्यावर माझा राग आहे तो कमी होत नाही.

ऋताने घरी जाऊन पहिल्या वाक्यातच सांगून टाकले. ती गुणाची मुलगी आहे.

संध्याकाळी मुकुंदकाका आले. मला हातात घेतले आणि आधी हुंगले. "चिंच," ते म्हणाले. मग उजेडाकडे धरून, मान हळूहळू फिरवत, त्यांच्या त्या उरलेल्या गोलातून माझा एकेक भाग बघितला. शोभाताई रडू लागल्या. "काका, मला वाटलं ताम्हनासारखंच..."

"तुम्ही डोळे पुसा. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ही माझी चूक धरा. पण चंद्रकांत, तुला तर हिने सांगितलं होतं ना रे?"

"काका, चार फुलं वाहिली तर एवढं काय! ऑनलाइन नवीन मागवू. बिल मंडळ देईल."

"कोजागिरीच्या आत येईल?"

चंद्रकांतराव गप्प.

काकांनी श्यामसुंदरला फोन लावला. पलीकडे ढाक वाजत होता. "दादा, मैं तो गाँव में हूँ," श्यामसुंदर ओरडून म्हणाला. "लोक्खी पूजो के बाद ही कारखाना खुलेगा. सब लड़के घर गए हैं। लेप नया लग जाएगा, चिंता मत कीजिए. थोड़ा सबर!"

कोजागिरीलाच बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते. त्यानंतर कारखाना. आणि शस्त्रक्रिया कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. सबर करायला काकांकडे दिवस नव्हते.

तरी काका हरले नाहीत. त्यांनी माझ्यावरून शुद्ध पाणी ओघळू दिले आणि ऋताला शेजारी बसवून शिकवले. "बघ, आरशाला भोकं पडली म्हणून चंद्राला भोकं पडत नाहीत. आरशाचा प्रत्येक तुकडा अख्खा चंद्र दाखवतो, फक्त उजेड कमी. त्रास भोकांचा नाही, ओरखड्यांचा आहे. ते उजेड भलतीकडे फेकतात." मग त्यांनी काळ्या कागदाची चकती कापली, माझा जो कोपरा सगळ्यात बरा होता तेवढीच खिडकी ठेवली आणि बाकी मला झाकून टाकले.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवले. केशर, चारोळ्या, सगळा थाट. संध्याकाळ सरताच चंद्र वर आला आणि मी त्या लहानशा खिडकीतून तो दाखवला. पूर्ण चंद्राला उजेडाची वाण नसते. लोक "वा, वा!" करू लागले. चंद्रकांतराव दोनदा बघून आले आणि दुधाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "बघा, झालं ना काम! उगाच सगळ्यांच्या सणाला विरजण लावलंत, काका."

"तुझा सण नीट झाला ना? मग बस तिकडे," मुकुंदकाका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग त्यांनी नळी शनीकडे वळवली. चंद्र जवळच होता. त्याचा उजेड माझ्या ओरखड्यांत शिरून सगळीकडे सांडत होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, पण आरशाला जोर लावता येत नाही. जसा असतो तसाच तो दाखवतो. काकांनी डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत.

"दिसली का सुई, आजोबा?"

"शनी दिसतोय," ते म्हणाले. "कापसाच्या बोळ्यासारखा." आणि काठी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकस्त केली. मधला गोल राहिला नाही. काकांना आता दिवस आणि रात्र कळते, समोर माणूस उभा आहे हे कळते, कोण ते आवाजावरून कळते.

कारखाना उघडल्यावर ऋता आणि तिची आई मला होडीने हावड्याला घेऊन गेल्या. श्यामसुंदरने जुना थर रसायनाने उतरवला, मला पुन्हा त्या पिंपात टांगले आणि नवी वाफ चढवली. काच शाबूत होती, म्हणून मी पहिल्यासारखा झालो. लोक मला म्हणतात, झालास ना नवा, मग आता राग कशाचा? अहो, माझ्या काचेवर लेप पुन्हा चढतो. त्यांच्या डोळ्यावर चढवायला कुठल्या हावड्याला जाऊ?

परवा थंडीत आकाश स्वच्छ होते. ऋताने शनी धरला. यावेळी जवळ चंद्र नव्हता. मी दाखवले, अगदी काठोकाठ, आणि ती किंचाळली. "आजोबा! सुई! सुईत मोती ओवलाय!"

"सुई दोन्हीकडे सारखी आहे?"

"हो."

"मोत्यावर सावलीची रेघ दिसते? काळी, बारीक?"

"थांबा... हो! आहे! एकदम पातळ!"

"शेजारी एखादा ठिपका?"

"एक आहे. डावीकडे."

"तो टायटन. त्याचा चंद्र." मग ते म्हणाले, "सरक जरा."

ती सरकली. काकांनी हाताने चाचपून भिंग शोधले आणि आपला डावा डोळा त्याला लावला. काही दिसणार नव्हते, हे त्यांना माहीत होते, ऋतालाही माहीत होते. तिने काही विचारले नाही. शनी हळूहळू बाजूला सरकत होता, तशी ती नळी इंचाइंचाने फिरवत राहिली, म्हणजे तो त्या डोळ्यासमोरच राहावा. मी माझ्याकडचा सगळा उजेड त्या डोळ्यात पाठवत होतो. सुई, मोती, सावलीची रेघ, टायटन, सगळे.

मित्रांनो, कुठलीही वस्तू पुसण्याआधी, धुण्याआधी, तिला देवापुढे ठेवण्याआधीसुद्धा, तिच्या माणसाला विचारा. "काका, याला हात लावू का?" म्हणून बघा एकदा मोठ्याने. किती वेळ लागला?